ही गर्दी कुणी केली?

सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एवढी गर्दी का, असं कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. लोकसंख्या वाढली. बाहेरच्या जिल्ह्यांतून, परराज्यांतून माणसं येतात. साध्या तापाला, पोटदुखीलाही लोक रात्री-अपरात्री धावत सुटतात. असं बोलणाऱ्यांत मंत्री असतात, अधिकारी असतात, टीव्हीसमोर बसलेले आपणही असतो. बोलणारा कुणीही असो, खापर गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्याच डोक्यावर फुटतं. हे अन्यायाचं आहे आणि खोटंही आहे.

माझं म्हणणं आधीच मांडतो. आपल्या आरोग्यव्यवस्थेत कायद्यानं आणि माणुसकीनं बंद करता येत नाही असं दार एकच आहे, ते कॅज्युअल्टीचं. ते चोवीस तास उघडं राहणार याची खात्री असल्यामुळे बाकीच्यांनी आपापली दारं निर्धास्तपणे लावून घेतली. गावाजवळचं आरोग्य केंद्र संध्याकाळी थंडावतं, तालुक्याचं रुग्णालय ‘पुढे न्या’ म्हणतं, खासगी रुग्णालय अनामत मागतं आणि ज्यांना कुणालाच नाही म्हणता येत नाही, त्यांच्या दारात सगळे येऊन पोचतात.

गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) जून २०२५ मध्ये जे घडलं ते अनेकांना आठवत असेल. एका वयस्कर बाईंना डॉक्टरांनी लिहून दिलेलं बी-१२ चं इंजेक्शन घ्यायचं होतं. सुट्टीचा दिवस होता, म्हणून घरचे त्यांना कॅज्युअल्टीत घेऊन आले. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे तातडीचं काम नाही, आरोग्य केंद्रात घ्या. तक्रार आरोग्यमंत्र्यांच्या कानावर गेली. मंत्री स्वतः कॅज्युअल्टीत आले, कॅमेरे चालू असताना त्यांनी डॉक्टरांना झापलं, निलंबित करायला सांगितलं. डॉक्टर पेटून उठले, निलंबन टळलं, मंत्र्यांना माफी मागावी लागली. चर्चा झाली ती सगळी उद्धटपणाची: डॉक्टर उद्धट की मंत्री उद्धट. सुट्टीच्या दिवशी एक ठरलेलं इंजेक्शन घ्यायला वयस्कर माणसाची घराजवळ सोय का नसावी, हा प्रश्न त्या गदारोळात हरवून गेला. त्या बाई ‘उगीच’ आल्या नव्हत्या. त्यांना दुसरीकडे जायला जागा नव्हती. आणि त्या डॉक्टरांचंही चुकलं नव्हतं, कारण त्यांच्यासमोर त्या वेळी खरोखरच तातडीचे रुग्ण असणार. दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असताना त्यांना एकमेकांसमोर भांडायला उभं केलं, ते न उघडलेल्या तिसऱ्या दारानं.

महाराष्ट्रात कागदावरची मांडणी उत्तम आहे. मैदानी भागात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक. त्याच्या वर ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय, आणि सगळ्यांच्या वर वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय. प्रत्येक पायरीवर थोडे रुग्ण बरे होऊन घरी जावेत आणि अगदी बिकट तेवढेच वर यावेत, अशी ही कल्पना. प्रत्यक्षात काय होतं? ग्रामीण रुग्णालयात ऑपरेशन थिएटर असतं, पण भूलतज्ज्ञाचं पद रिकामं असतं, म्हणजे अडलेल्या बाईचं सिझर तिथे होत नाही. एक्स-रे मशीन असतं, पण ते चालवणारा दिवसा असतो. रक्त साठवायचा फ्रीज असतो, रक्त नसतं. मग केसपेपरवर एक ओळ लिहिली जाते, ‘रेफर्ड टू हायर सेंटर फॉर फर्दर मॅनेजमेंट’. त्या ओळीत कोणत्या रुग्णालयात न्यायचं ते नसतं, तिथे कुणाशी बोलणं झालं ते नसतं, खाट आहे की नाही हेही नसतं. ससूनला न्या, घाटीला न्या, केईएमला न्या, हे तोंडी सांगितलं जातं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्य सरकारनं सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार मोफत केले. निर्णय चांगलाच होता. पण केसपेपरचे पैसे माफ केल्यानं रात्रीचा भूलतज्ज्ञ येत नाही.

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशा चिठ्ठ्या घेऊन आलेली माणसं मी रात्रभर पाहिली आहेत. एक तरुण शेतकरी बायकोला घेऊन आला होता. तिला निंदणी करताना साप चावला होता. सलाईनचा स्टँड नव्हता, म्हणून बाटली डोक्याच्या वर धरून तो उभा होता. हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचा, पण खाली आणायचा नाही. चिठ्ठी त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली होती. शेजारच्या ट्रॉलीवर दोन रुग्ण होते, एकाच्या उशाशी दुसऱ्याचे पाय. पलीकडे एका म्हाताऱ्याच्या घशात नळी होती आणि व्हेंटिलेटर मोकळा नव्हता, म्हणून त्याचा मुलगा अंबू बॅग दाबत होता. दाबायची, सोडायची, मनात मोजायचं, पुन्हा दाबायची. त्याचा हात भरून आला की काका बसायचे, काकांचा भरून आला की मेहुणा. बापाचा श्वास घरच्या तीन माणसांनी वाटून घेतला होता. पहाटेपर्यंत तेच चाललं होतं.

बाहेर पोर्चमध्ये १०८ च्या रुग्णवाहिका उभ्या होत्या. रुग्ण उतरवून झाले तरी त्या निघत का नव्हत्या, हे मला आधी कळेना. चालकानं सांगितलं, ‘स्ट्रेचर आत अडकलंय, साहेब.’ आत ट्रॉली मोकळी नव्हती, म्हणून रुग्ण रुग्णवाहिकेच्याच स्ट्रेचरवर पडून होता, आणि स्ट्रेचर परत मिळाल्याशिवाय गाडी हलू शकत नव्हती. तेवढ्या वेळात चाळीस किलोमीटरवरच्या एखाद्या रस्त्यावर कुणी पडलं असेल, तर त्याच्यासाठी ती गाडी नव्हती. कॅज्युअल्टीतल्या गर्दीची शिक्षा त्या गर्दीत पाऊलही न टाकलेल्या माणसाला होते, ती अशी.

आता मुख्य गोष्ट. कॅज्युअल्टी जास्त माणसं आल्यामुळे जितकी तुंबते, त्यापेक्षा आलेली माणसं वर न गेल्यामुळे तुंबते. डॉक्टरांनी रुग्णाला तपासलेलं असतं, दाखल करायचं ठरलेलं असतं, पण वॉर्डात खाट रिकामी नसते, आयसीयूत तर नसतेच. म्हणून तो तिथेच, त्याच ट्रॉलीवर, पुढचे कित्येक तास पडून राहतो, आणि त्याची जागा पाहिजे असलेला नवा रुग्ण दारात थांबतो. मोरी तुंबली की पाणी स्वयंपाकघरात शिरतं. तेव्हा नळाला बोल लावून काही होत नाही, मोरीत हात घालावा लागतो. जगभरातल्या अभ्यासांत हे वारंवार दिसलं आहे की दाखल करायचं ठरल्यानंतर ज्यांना आपत्कालीन विभागातच ताटकळावं लागतं, त्यांच्यातले मृत्यू वाढतात. वर जाऊन पाहिलं तर खाटा अडकण्याची कारणं साधी असतात. बरा झालेला माणूस सकाळच्या राऊंडनंतर मोठ्या डॉक्टरांची सही होईपर्यंत थांबलेला असतो. कुणाचा सीटी स्कॅन व्हायचा असतो आणि मशीन बंद असतं. कुणी बेवारस असतो, जखम भरली आहे पण न्यायला कुणी नाही. कुणाला फक्त ड्रेसिंग हवं असतं, जे त्याच्या गावाजवळच्या केंद्रात होऊ शकलं असतं. यातलं एकही काम कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरच्या हातात नसतं. तरी जाब त्यालाच विचारला जातो.

ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. पाचशे खाटांचं हे रुग्णालय. त्याच काळात ठाण्याचं जिल्हा रुग्णालय नव्या इमारतीसाठी मूळ जागेवरून हलवलेलं होतं आणि तिकडचा भार कळव्याकडे वळला होता. एक दार बंद करताना तिथली माणसं कुठे जाणार, याचा विचार पुरेसा झाला नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नांदेड. विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांतली १२ नवजात बाळं होती. ४८ तासांत हा आकडा ३१ वर गेला. मंजूर खाटा ५००, आणि दाखल रुग्ण दुपटीच्या घरात. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या टापूत एवढं मोठं दुसरं रुग्णालय नाही, असं तिथल्या प्रशासनानं सांगितलं. आसपासच्या जिल्ह्यांपासून तेलंगणाच्या सीमेपलीकडच्या गावांपर्यंतचे रुग्ण तिथेच येतात. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. बरेच रुग्ण शेवटच्या घटकेला दुसऱ्या, खासगी रुग्णालयांतून पाठवले गेले होते, असं सरकारकडून तिथे सांगण्यात आलं. हे उत्तर म्हणून सांगितलं गेलं, पण मला ती कबुली वाटते. दगावायला टेकलेलं बाळ एका दारातून बाहेर काढून दुसऱ्या दारात ठेवता येतं, आणि मग मृत्यूची नोंद त्या दुसऱ्या दाराच्या नावावर पडते, असा त्याचा अर्थ आहे.

त्यावर आपण काय केलं? एक खासदार रुग्णालयात आले आणि त्यांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. स्वच्छतागृह घाणेरडं होतं यात शंका नाही. पण ५०० खाटांच्या जागेत हजार माणसं राहणार असतील तर ते कोण स्वच्छ ठेवणार होतं, आणि भरतीची फाईल कुठे पडून होती, हे विचारायला झाडूची गरज नव्हती. तो प्रश्न विधिमंडळात आणि मंत्रालयात विचारायचा होता.

खासगी दारांबद्दल स्पष्टच बोलायला हवं, कारण तिथे कायदा अंधुक नाही. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कार नंतर. त्या खटल्यामागे एक स्कूटरस्वार होता, ज्याला ‘पोलीस केस’ म्हणून जवळच्या रुग्णालयानं घेतलं नव्हतं आणि जो दुसरीकडे नेताना वाटेत गेला. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना तर याहून जास्त बंधन आहे. स्वस्त जमिनी, करसवलती घेऊन उभ्या राहिलेल्या या ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांसाठी ठेवायच्या आहेत. उच्च न्यायालयानं २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेत असंही लिहिलं आहे की तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे, आणि अनामत रक्कम मागायची नाही. हे वाक्य प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाच्या दारावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लावलेलं असायला हवं. काउंटरवर ‘आधी भरा’ ऐकून जी माणसं मुकाट रिक्षा वळवून सिव्हिलकडे जातात, त्यांना हा हक्क आहे हेच माहीत नसतं. ज्यांना माहीत आहे, त्या आपल्यासारख्या वाचकांनी त्यांच्या वतीनं तो मागितला का?

आणि आता आपल्या स्वतःच्या वागण्याकडे येतो. घरातलं कुणी गंभीर झालं की आपण सगळ्यांत आधी काय करतो? फोन काढतो. ‘सिव्हिलला कुणी ओळखीचं आहे का?’ नगरसेवक, आमदारांचे पीए, अमुक डॉक्टरांच्या मेव्हण्यांचे मित्र. फोन लागला की आत हालचाल होते, ट्रॉली मिळते, मोठे डॉक्टर खाली येतात. जीव कासावीस झालेल्या माणसाला मी दोष देत नाही. पण त्या फोननं एकही खाट वाढत नाही. कुणाच्या तरी वाट्याची खाट सरकून आपल्याकडे येते, आणि तो ‘कुणीतरी’ सलाईनची बाटली वर धरून उभा असलेल्या माणसाच्या घरचा असतो, ज्याच्या फोनमध्ये असा एकही नंबर नसतो. दोनशे वर्षांपूर्वी नेपोलियनच्या सैन्यातले शल्यविशारद लारे यांनी रणांगणावर पद्धत घातली: हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची; सगळ्यांत बिकट असेल त्याला आधी घ्यायचं. आजही लाल, पिवळा, हिरवा अशा पट्ट्या लावून आपत्कालीन विभागात हाच क्रम ठरवला जातो. राजेशाही सैन्यात जे शक्य झालं, ते लोकशाहीतल्या जिल्हा रुग्णालयात साहेबांच्या एका फोननं मोडतं. याची लाज आपल्याला वाटायला हवी. लोकप्रतिनिधींनी ठरवलं तर हे उद्या थांबेल. ‘कॅज्युअल्टीतला क्रम बदलायला मी फोन करणार नाही’ असं जाहीरपणे सांगणारा एखादा आमदार निघाला, तर त्याच्या मतदारांनी त्याला दूषण न देता मान द्यायला हवा.

राहिला डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीचा प्रश्न. धुळ्यात मार्च २०१७ मध्ये अपघातातला रुग्ण आणला गेला, डोक्याला मार होता. मेंदूचे शल्यचिकित्सक इथे नाहीत, दुसरीकडे न्यावं लागेल, असं ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरनं सांगितलं. नातेवाइकांनी त्याला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. मेंदूच्या शल्यचिकित्सकाचं पद न भरणारे कुणीही त्या रात्री तिथे नव्हते. होता तो छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या करणारा एक शिकाऊ तरुण. अशा हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, आणि दारात सुरक्षारक्षकही वाढले आहेत. पण खरं सांगायला समोर वरिष्ठ माणूस नाही, आत काय चाललंय ते कळत नाही, अशा अवस्थेत ताटकळलेल्या नातेवाइकाचा राग कुठल्याही रक्षकाला आवरता येणार नाही. रात्री कॅज्युअल्टीत अनुभवी, अधिकार असलेला, वॉर्डातली खाट मोकळी करून घेऊ शकणारा कायमस्वरूपी डॉक्टर हवा. आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून देशात २००९ मध्येच मान्य झाली आहे. तरी कित्येक ठिकाणी हा विभाग अजूनही सगळ्यांत कनिष्ठ डॉक्टरच्या हवाली असतो.

हे सगळं बदलणं अवघड आहे, पण अशक्य आहे असं म्हणणाऱ्यांना दोन उदाहरणं देतो. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं, मुलं पटापट जात. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम यांच्या नोंदी केल्या, ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’पर्यंत पोचले, आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरच्या साध्या गोळीनं हे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात आटोक्यात आले. रुग्णाला मुंबईला पाठवण्यापेक्षा त्याच खाटेवर वाचवता येतं, हे एका आरोग्य केंद्रानं दाखवलं. अर्थात प्रत्येक केंद्रात बावस्कर असतील, या भरवशावर व्यवस्था चालत नाही. पण सर्पदंशावरचं प्रतिविष, ते द्यायला शिकलेला डॉक्टर आणि तो रात्री राहील असं गळकं छप्पर नसलेलं क्वार्टर, एवढं तरी द्यायला असाधारण माणूस लागत नाही.

दुसरं उदाहरण खाटांच्या माहितीचं. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला कलकत्त्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी त्याला खासगी रुग्णालयात पैसे मोजून दाखल व्हावं लागलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली, आणि कुठे खाट रिकामी आहे हे ताबडतोब कळेल अशी राज्यभराची मध्यवर्ती व्यवस्था उभारायला सांगितलं. पैशांची सबब जीव वाचवण्याच्या कामात चालणार नाही, हेही बजावलं. २०२० मध्ये कोविड आला तेव्हा मुंबई महापालिकेनं अगदी तेच केलं. २४ वॉर्डांत २४ वॉर रूम सुरू झाल्या आणि सरकारी-खासगी खाटांचं वाटप तिथून होऊ लागलं. त्यातही त्रुटी होत्या, पण रुग्णाला घेऊन दारोदार फिरण्याऐवजी एक फोन करायची सोय झाली. साथ ओसरली आणि वॉर रूम आवरल्या गेल्या. हृदयविकाराचा झटका आलेल्या, रस्त्यावर चिरडलेल्या, बाळंतपणात अडलेल्या माणसासाठी तीच यंत्रणा का चालू राहू नये, याचं पटेल असं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

आता पुढच्या वेळी तुमच्या तालुक्यात रुग्णालयाच्या नव्या इमारतीचं भूमिपूजन होईल, फ्लेक्स लागतील, फीत कापायची तारीखही ठरेल. त्या मांडवात उभं राहून विचारा: इथे रात्री भूलतज्ज्ञ असेल का? ते पद मंजूर आहे का, भरलं आहे का, नसेल तर कधी भरणार? इथून रुग्ण पुढे पाठवताना पुढच्या रुग्णालयाला फोन करायची जबाबदारी कुणाची? उत्तर लेखी मागा, आणि ते ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.